घोंगडी विरते, लोकर उरते

एखादे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, की त्याचे ‘भिजत घोंगडे’ पडले असे आपण सहज म्हणून जातो. हा वाक्प्रचार ज्यांनी रूढ केला त्यांना लोकरीचा स्वभाव पुरता ठाऊक होता. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषून घेते आणि तरीही हाताला कोरडी लागते. मात्र एकदा ती पूर्ण भिजली, की जड होते आणि लवकर वाळत नाही. आज शहरातील अनेक घरांत खुद्द घोंगडीचेच भिजत घोंगडे पडले आहे. गावाकडून आलेली आजोबांची घोंगडी माळ्यावर पडून असते. ती वापरवत नाही आणि टाकवतही नाही. तिच्याच शेजारी मुलांना आखूड झालेले स्वेटर, कोपरावर विरलेले पुलोव्हर आणि कसर लागलेले मफलर एका गाठोड्यात बांधलेले असतात. सुती वा रेशमी कपडा बोहारीण भांड्याच्या बदल्यात घेते. जुन्या लोकरीला मात्र तिच्याकडेही फारसा भाव मिळत नाही.

वस्तुतः लोकरी वस्त्र सगळे एकाच वेळी जुने होत नाही. घोंगडी घडीच्या रेषेवर, पायाकडच्या टोकाला आणि काठावर विरते. मधला मोठा भाग शाबूत राहतो. स्वेटरचे कोपर आणि मनगट जाते, पाठ मात्र जशीच्या तशी असते. हा शाबूत भाग वेगळा काढून त्यातून बटवा, आसन, कानटोपी, गवसणी, चुंबळ अशा लहान वस्तू शिवणे हे जुन्या लोकरीचे खरे पुनरुज्जीवन होय. बीड जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाला आणखी एक पदर आहे. या जिल्ह्याचे मेंढपाळीशी जुने नाते आहे आणि येथूनच दरवर्षी लाखो माणसे ऐन थंडीत उघड्या फडावर राहायला जातात. म्हणजे लोकर येथे निर्माण होते आणि लोकरीची गरजही येथेच आहे.

बालाघाटची लोकर

बीड जिल्ह्यातून बालाघाटच्या डोंगररांगा जातात. उत्तरेकडे गोदावरीच्या काठी गेवराई, माजलगावची काळी जमीन आहे. तर आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर या भागांत माळरान, मुरमाड उतार आणि बेभरवशाचा पाऊस. असे माळरान शेतीपेक्षा मेंढीला अधिक मानवते. धनगर समाजाचे कळप या माळांवर चरतात, पीक निघाल्यावर शेतात बसवले जातात आणि शेतकऱ्याला त्यांच्यापासून खत मिळते. अंबाजोगाई येथे राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे, यावरूनही या व्यवसायाचे येथील स्थान लक्षात यावे.

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. काळी, करडी, तपकिरी, पांढरी अशा नैसर्गिक रंगांत ती मिळते आणि तिला रंग देण्याची गरज पडत नाही. तिचा अंगालगत घालण्याचा कपडा होत नाही, कारण ती टोचते. घोंगडी मात्र उत्तम होते. मेंढ्यांची लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरली जाते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीला जावळ म्हणतात आणि जावळाच्या घोंगडीचे मोल अधिक असते. कातरलेली लोकर निवडणे, पिंजणे, कातणे, ताणा लावणे, त्याला चिंचोक्याची खळ देणे आणि मग मागावर विणणे असा हा प्रवास आहे. महाराष्ट्रात हे विणकाम धनगरांतील काही शाखा आणि सणगर समाज परंपरेने करीत आला. लोकर न विणता ओल्या दाबाने एकजीव करून जे जाड वस्त्र बनवतात, त्याला नमदा किंवा बुरणूस म्हणतात. हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण जुन्या स्वेटरपासून नवे कापड तयार करताना आपण घरच्या घरी नमदाच बनवत असतो.

घोंगडी हे मुळातच अनेक कामांचे वस्त्र आहे. ती पांघरायची, अंथरायची, पावसात तिची खोळ करून डोक्यावर घ्यायची, प्रसंगी तिच्यात धान्य बांधायचे. खंडोबा, बिरोबा यांच्या उपासनेत तिला मान आहे आणि गावोगावच्या ‘घोंगडी बैठकां’नी तिला सार्वजनिक जीवनातही स्थान दिले. जाड्याभरड्या वस्त्राला याहून मोठा मानही याच जिल्ह्यात मिळाला आहे. संतकवी दासोपंतांनी (१५५१-१६१५) अंबाजोगाईत आपले ‘पंचीकरण’ पासोडीवर, म्हणजे जाड सुती वस्त्रावर लिहिले. वस्त्राचा पहिला उपयोग संपला म्हणजे वस्त्र संपले, असे येथील माणसाने कधी मानले नाही. घराघरांतल्या गोधड्या त्याची साक्ष देतात.

आजच हा विचार का?

हाताने विणलेली घोंगडी आता दुर्मीळ होत चालली आहे. यंत्रावरची स्वस्त ब्लँकेटे आणि कृत्रिम धाग्याच्या चादरी बाजारात आल्यावर जाड्या लोकरीची मागणी घसरली. अनेक ठिकाणी मेंढी कातरण्याची मजुरी लोकरीच्या किमतीतून भरून निघत नाही. मग कातरलेली लोकर फुकट दिली जाते किंवा टाकून दिली जाते. मेंढपाळाचे उत्पन्न मुख्यतः मांसावर अवलंबून असल्याने सांगली जिल्ह्यातील जत परिसरातील माडग्याळसारख्या, मांसासाठी प्रसिद्ध असलेल्या मेंढ्यांकडे ओढा वाढला. पिंजणारे, कातणारे आणि विणणारे हात कमी झाले. अशा काळात जी घोंगडी घरात आहे, ती सहजी पुन्हा मिळणारी वस्तू राहिलेली नाही.

म्हणूनच पहिला नियम असा, की शाबूत घोंगडीला कात्री लावू नये. दोन-चार भोके असतील तर त्याच रंगाच्या लोकरीने रफू करावे, काठ उसवला असेल तर काजटाक्याने बांधून घ्यावा. देवघरातील वा कुलाचारातील घोंगडी असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. जी घोंगडी पांघरूण म्हणून खरोखरच निरुपयोगी झाली आहे, तीच कापायची. एका घोंगडीवर चार भावंडांचा जीव असेल, तर तिची चार आसने करून ती वाटून घेणे हा माळ्यावर कसरीला अन्न पुरवण्यापेक्षा अधिक चांगला मार्ग आहे.

जगाची रीत

जुन्या लोकरीचा पुनर्वापर ही काही आजची कल्पना नव्हे. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील बॅटली येथे १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने लोकरी चिंध्या पिंजून त्यात नवी लोकर मिसळली आणि पुन्हा सूत काढण्याची पद्धत सुरू केली. या कापडाला ‘शॉडी’ हे नाव मिळाले. इटलीतील प्रातो शहर याच व्यवसायावर नावारूपाला आले. आपल्याकडे हरियाणातील पानिपत हे त्याचे मोठे केंद्र आहे. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे तेथे रंगांनुसार वेगळे केले जातात, बटणे आणि चेन काढून त्यांचे तुकडे केले जातात, ते पिंजून सूत काढले जाते आणि त्याची स्वस्त ब्लँकेटे विणली जातात. रंगांनुसार निवड केल्याने पुन्हा रंगवण्याचा खर्चही वाचतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग होते. त्या काळात तेथील सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ म्हणजे ‘आहे त्यात भागवा, दुरुस्त करा’ अशी मोहीमच चालवली. जुने स्वेटर उसवून त्याच लोकरीचे नवे विणणे हा तेव्हा गृहिणींचा नित्याचा उद्योग झाला. भारतात अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने शहरातील जुना कपडा निवडून, दुरुस्त करून, नव्या वस्तूंत रूपांतरित करून ग्रामीण भागात पोहोचवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले. या कामाबद्दल गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या साऱ्या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. जुन्या कपड्याचे मोल त्याच्या निवडीत आणि त्यावर घेतलेल्या श्रमात असते. नुसता ढीग कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

लोकर ओळखावी कशी?

थंडीत घालतो ते सारे लोकरीचे, हा समज चुकीचा आहे. बाजारातील पुष्कळसे स्वेटर ॲक्रिलिकचे असतात. ‘कॅशमिलॉन’ या नावाने आपल्याकडे घरोघर विणले गेलेले सूतही ॲक्रिलिकच होय. कपड्याच्या आतील पट्टीवर ‘प्युअर वुल’ किंवा १९६४ पासून वापरात असलेले ‘वुलमार्क’चे पिळाच्या गुंड्यासारखे चिन्ह असेल, तर शंका उरत नाही. पट्टी नसेल तर शिवणीच्या आतून एक धागा काढावा, तो चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवून पाहावा. लोकर सावकाश जळते, ज्योत दूर करताच बहुधा विझते, जळलेल्या केसांचा वास येतो आणि मागे राहिलेली काळी राख बोटाने चुरगळता येते. ॲक्रिलिक भराभर जळते, वितळते आणि त्याचा कडक मणी बनतो. दोन्हींचे मिश्रण असेल तर दोन्ही लक्षणे थोडी थोडी दिसतात.

हा भेद केवळ माहितीसाठी नाही. ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटू शकते, म्हणून त्याचे चुलीजवळ वापरायचे फडके कधीही शिवू नये. ॲक्रिलिकचा नमदाही होत नाही. मात्र पिशवी, उशीचा अभ्रा, खेळणी यांसाठी ते चालते.

कापण्यापूर्वीची तयारी

माळ्यावरून काढलेली लोकर प्रथम उन्हात पसरून झटकावी. लोकर हे केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते आणि कसरीच्या अळ्या तेच खातात. कसरीची शंका असल्यास कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठ-दहा दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवावा. अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. त्यानंतरच तो इतर कपड्यांजवळ आणावा.

धुताना धुण्याचा सोडा आणि ब्लीच पूर्ण वर्ज्य. तीव्र क्षारांनी लोकर ठिसूळ होते. ब्लीचमध्ये तर ती विरघळू लागते. कोमट पाण्यात रिठ्याचे पाणी किंवा सौम्य द्रव साबण घालून कपडा नुसता दाबावा, दगडावर आपटू नये, पिळू नये. जुन्या घोंगडीत खळीचा अंश असेल तर तो पाण्यात सुटतो आणि घोंगडी थोडी मऊ होते. वाळवताना ती दोरीवर लोंबकळत ठेवली तर स्वतःच्या वजनाने ताणली जाते, म्हणून बाजेवर आडवी पसरून सावलीत वाळवावी.

स्वेटरच्या बाबतीत आणखी एक टप्पा असतो. विणलेला स्वेटर तसाच कापला तर त्याचे टाके पळतात. म्हणून आधी त्याचा नमदा करावा लागतो. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्ण पाणी, साबण आणि घर्षण मिळाले, की हे तंतू एकमेकांत गुंततात आणि पुन्हा सुटत नाहीत. स्वेटर उशीच्या अभ्र्यात बांधून, सोबत एखादी जुनी जीन घालून वॉशिंग मशीनमध्ये ६० अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात फिरवावा. अभ्रा यासाठी, की सुटणारी लव मशीनच्या नळीत अडकू नये. मशीन नसेल तर हातमोजे घालून बादलीतील गरम पाण्यात चोळावा आणि मधूनमधून गार पाण्यात बुडवावा. दर १०-१५ मिनिटांनी तपासत राहावे. टाके दिसेनासे झाले आणि कडा कापून पाहिल्यावर धागा सुटला नाही, की काम झाले. स्वेटर बराच आटतो. त्यामुळे मापे आटल्यानंतरच घ्यावीत. ‘सुपरवॉश’ लिहिलेल्या लोकरीवर मात्र ही क्रिया होत नाही, कारण तिचे खवले आधीच निष्प्रभ केलेले असतात.

घोंगडी मुद्दाम आटवण्याची गरज नसते. ती मुळातच दाट असते आणि वर्षानुवर्षांच्या वापराने आणखी एकजीव झालेली असते.

कात्री, सुई आणि टाके

कापण्याआधी घोंगडी सकाळच्या उन्हात दोरीवर धरावी. जेथून प्रकाश पलीकडे येतो तो भाग विरलेला समजावा आणि शिंप्याच्या खडूने त्याभोवती खूण करावी. वस्तूंचे आकार उरलेल्या भागात, आधी मोठे मग लहान या क्रमाने मांडावेत. पट्टे आणि बंद ताण्याच्या दिशेने कापावेत, कारण त्या दिशेला कापड कमी ताणले जाते.

घोंगडीची कापलेली कड सुटते. त्यावर सोपा उपाय आहे. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मशीनवर एकेक टीप मारून घ्यावी आणि मग मधून कापावे. शिलाई मशीनला १६ किंवा १८ क्रमांकाची सुई लावावी, टाका लांब ठेवावा आणि दाबपट्टीचा दाब कमी करावा. तीन-चार थर एकत्र आले तर मशीनवर जबरदस्ती न करता दाभण आणि जाड सुती दोरा वापरावा. शिवणीसाठी किमान अर्धा इंच कापड सोडावे. सुती कापडाप्रमाणे पाव इंच येथे पुरत नाही. कडेला जुन्या लुगड्याच्या किंवा खणाच्या कापडाची उरेब पट्टी लावली, तर कड टिकते आणि काळ्या-करड्या लोकरीला रंगाची साथ मिळते. नमद्याच्या कडेला पट्टी लागत नाही, साधा काजटाका पुरतो. अंगाला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूला मऊ सुती अस्तर हवेच.

घोंगडीच्या टोकाच्या दशा कापून फेकू नयेत. त्यांचे पीळ घालून बंद करता येतात आणि उरलेल्या धाग्यांचे गोंडे होतात.

काय काय शिवता येईल?

आसन : २० इंच चौरस असे घोंगडीचे दोन तुकडे घेऊन मध्ये जुन्या धोतराच्या दोन घड्या घालाव्यात. गोधडीप्रमाणे दोन-दोन इंचांवर धावदोऱ्याच्या ओळी घालाव्यात आणि चारी बाजूंना पट्टी लावावी. गार फरशीवर बसणाऱ्या ज्येष्ठांना आणि शाळकरी मुलांना ते उपयोगी पडते.

चुंबळ : ४८ इंच लांब आणि ६ इंच रुंद पट्टी लांबीच्या दिशेने घट्ट गुंडाळून तिचा दोर करावा आणि टाक्यांनी पक्का करावा. मग त्याचे तीन वेढे एकमेकांलगत घालून कडे तयार करावे व ते दाभणाने शिवावे. वरून सुती चिंधी गुंडाळली म्हणजे केसांत लोकर अडकत नाही. डोक्यावरचे ओझे पेलणाऱ्या कपड्याच्या गुंडाळीपेक्षा हे चुंबळ अधिक काळ फुगीर राहते, कारण दाबलेली लोकर पुन्हा मूळ आकारात येते.

बाटलीची गवसणी : बाटलीच्या घेरात दीड इंच मिळवून तेवढ्या रुंदीचा आणि बाटलीच्या खांद्यापर्यंतच्या उंचीचा तुकडा घ्यावा. तळाला गोल तुकडा जोडावा, वर कापडी बंद लावावा. थंडीत पाणी कोमट राहते, हा एक उपयोग. उन्हाळ्यातील उपयोग त्याहून मोठा. ब्रिटिश सैनिकांच्या पाण्याच्या बाटल्यांवर लोकरी नमद्याचे आवरण असे. ते भिजवले, की बाष्पीभवनामुळे आतील पाणी गार राही. बीडकरांना हे तत्त्व नवे नाही. जुन्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये बीड शहराचा उल्लेखच चामड्याच्या उत्तम छागलींसाठी झाला आहे. धातूच्या एकपदरी बाटलीवर ओली गवसणी चढवून ती वाऱ्यात टांगली, की छागलीचेच काम होते.

चष्म्याचे घर : ८ इंच चौरस तुकडा मधोमध दुमडून दोन बाजू शिवाव्यात. आत मलमलीचे अस्तर अवश्य घालावे, नाहीतर जाड्या लोकरीत अडकलेल्या धुळीने काचेवर ओरखडे पडतात. याच पद्धतीने मोबाइलचे घर होते, मात्र माप आपल्या उपकरणाचे घ्यावे.

खांद्याची पिशवी : १४ इंच लांब आणि १२ इंच रुंद असे दोन तुकडे जोडावेत. पट्टा लोकरीचा करू नये, तो लांबत जातो. त्याऐवजी सुती नवार वापरावी आणि ती पिशवीच्या तळाखालून फिरवून घ्यावी, म्हणजे भार शिवणीवर न येता नवारीवर येतो.

मनगटपट्टी आणि कानटोपी : स्वेटरच्या बाहीचा मनगटाकडील सहा इंच भाग कापला, की मनगटपट्टी तयार होते, अंगठ्यासाठी शिवणीत एक इंचाची फट ठेवावी. बाहीच्या वरच्या रुंद भागातून लहान मुलाची टोपी होते. तान्ह्या बाळासाठी केवळ मऊ लोकर वापरावी, आत मलमल लावावी आणि गळ्याशी बांधायचे लांब बंद, मणी, बटणे यांपैकी काहीही लावू नये.

बुटातील तळवे : पायाचा आकार कागदावर काढून घोंगडीचे दोन थर एकत्र शिवावेत. रात्रीच्या विजेवर गहू-हरभऱ्याला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या गमबुटात हे तळवे मोलाचे ठरतात. ते रोज काढून वाळवावे लागतात, म्हणून दोन जोड करावेत.

पातेले उतरवण्याचे फडके : लोकरीचे दोन थर आणि बाहेरून सुती कापड. लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि वितळत नाही, हा तिचा गुण येथे कामी येतो. फडके कोरडेच वापरावे. ओल्या कापडातून उष्णता झटकन हाताला लागते.

फडावरची थंडी

बीड जिल्ह्याची ओळख दुर्दैवाने ऊसतोड मजुरांचा जिल्हा अशी झाली आहे. दसरा-दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या गाव सोडतात आणि पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात पोहोचतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उसाच्या वाढ्यांनी वा ताडपत्रीने शाकारलेल्या कोपीत संसार मांडला जातो, लहान मुले सोबत असतात. पहाटेच्या अंधारात, दवाने भिजलेल्या फडात काम सुरू होते. तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन स्त्रिया उभ्या फळीवरून ट्रकमध्ये चढतात. हा मुक्काम थंडीचे सारे महिने टिकतो.

अशा कुटुंबांसाठी जुन्या लोकरीतून काय शिवावे, हे त्यांच्या दिनक्रमावरूनच ठरते. डोक्यासाठी चुंबळ, पहाटेसाठी मनगटपट्टी, मुलांसाठी अस्तर लावलेली कानटोपी, कोपीतल्या ओलसर जमिनीवर अंथरायला आतून जुनी घोंगडी भरलेली गोधडी. वस्तू गडद रंगाची असावी, कमी पाण्यात धुता यावी आणि तिचे ओझे होऊ नये, कारण संसार बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये न्यायचा असतो.

येथे शहरातील दात्यांच्या एका सवयीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. जुने स्वेटर गोळा करण्याच्या मोहिमा आपल्याकडे डिसेंबरमध्ये, थंडी पडल्यावर सुरू होतात. तोपर्यंत बीडची गावे रिकामी झालेली असतात आणि दिलेले कपडे ज्यांच्यासाठी असतात, ते शेकडो किलोमीटर दूर फडावर असतात. लोकर गोळा करण्याचा योग्य काळ श्रावण-भाद्रपद हा होय. म्हणजे धुणे, निवडणे, शिवणे यांना महिना-दीड महिना मिळतो आणि टोळी निघण्यापूर्वी वस्तू घरात पोहोचते. फाटका स्वेटर तसाच देण्यापेक्षा त्याची शिवलेली टोपी देणे हे घेणाऱ्याचा मान राखणारेही आहे.

हाताला काम

जे कुटुंब फडावर जात नाही, किंवा ज्या स्त्रियांना प्रकृतीमुळे जाता येत नाही, त्यांच्यासाठी हे शिवणकाम लहानसा उद्योग ठरू शकते. शिलाई मशीन आणि गोधडीचा हात, ही दोन्ही भांडवले मराठवाड्यातील अनेक घरांत आहेत. बचत गटांच्या मालाला ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांतून शहरी ग्राहक मिळतो. मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. वस्तू जुन्या लोकरीची आहे हे स्पष्ट सांगावे. हातमागाची घोंगडी आणि यंत्रावरचे ब्लँकेट यांची सरमिसळ करू नये. किंमत ठरवताना कापड फुकट मिळाले म्हणून श्रमही फुकट धरू नयेत. धुणे, निवडणे आणि अस्तर लावणे यांतच बहुतेक वेळ जातो. ग्राहकानेही ‘चिंध्यांचेच तर आहे’ असे म्हणत घासाघीस करण्यापूर्वी या तासांचा हिशेब करावा.

याच्या जोडीला नव्या लोकरीचाही विचार झाला पाहिजे. जुन्या घोंगडीच्या पिशवीला ग्राहक मिळाला, तर माळावर टाकून दिल्या जाणाऱ्या दख्खनी लोकरीच्या आसनालाही तो मिळू शकेल. जुन्याचा वापर हा नव्याचा शत्रू नाही. त्यामुळे लोकरीची पारख असलेला ग्राहक तयार होतो.

निगा

तयार वस्तू वर्षातून दोनदा उन्हात झटकाव्यात आणि पूर्ण कोरड्या असतानाच सुती पिशवीत बांधून ठेवाव्यात. कडुनिंबाचा वाळलेला पाला सोबत ठेवण्याची रीत आहे, ती चांगलीच; पण कसरीपासून खरा बचाव स्वच्छतेने होतो, कारण घाम आणि अन्नाचे डाग असलेल्या लोकरीला ती आधी लागते. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या कपड्यांत ठेवू नयेत. चुंबळ आणि तळवे यांसारख्या रोजच्या वस्तूंना साठवण लागत नाही; त्या वापरात राहतात म्हणूनच टिकतात. त्याही पूर्ण झिजल्या तर उरलेली लोकर बटणे, चेन, अस्तर आणि कृत्रिम धाग्याची शिलाई काढून झाडाच्या आळ्यात पुरावी. ती सावकाश कुजते आणि तिच्यातील नत्र मातीला मिळते. बालाघाटच्या माळावरचे गवत खाऊन मेंढीने जी लोकर दिली, ती शेवटी मातीत जाते. तत्पूर्वी तिच्याकडून आणखी दहा-वीस वर्षांचे काम करून घेणे आपल्या हातात आहे.